दुभाजकाची मागणी आणि माझं सातवं कलम

गावच्या रास्ता रोकोची नियमावली मी लिहिली आणि अधिकाऱ्याची गाडी सोडायचं कलम घालायला विसरलो.

मी शाळेत नागरिकशास्त्र शिकवतो, हे आधी सांगून टाकलेलं बरं. म्हणजे पुढचं सगळं आपोआप समजतं. लातूर-नांदेड रस्ता रुंद झाला, मधे दुभाजक आला आणि आमच्या फाट्यावर समोरच्या शेतात जायला लांबचा वळसा पडू लागला. दुभाजक फोडून वाट द्या, ही मागणी. त्याच सुमारास रास्ता रोकोवर सरकार नवा कायदा करणार अशी चर्चा पारावर रंगली होती. मी ग्रामसभेत उठून म्हणालो, "सरकारनं करायच्या आधी आपणच करू. शिस्तीत रस्ता अडवू!" टाळ्या पडल्या. टाळ्या पडल्या की मला कलमं सुचतात.

रुग्णवाहिका सोडावी. दुधाची गाडी सोडावी. हॉल तिकीट दाखवणारा परीक्षार्थी सोडावा. वऱ्हाड सोडावं, मात्र नवरदेव समक्ष दाखवावा. नवरदेवाचं हे पाचवं कलम सरपंचबाईंचं, कारण मागच्या वेळी फेटे बांधून भलतेच लोक निसटले होते. सहावं कलम : अधिकारी रस्त्यावर येऊन निवेदन घेईपर्यंत कोणी उठणार नाही. आणि सातवं, माझं लाडकं : वरील यादीबाहेरच्या कोणालाही, मग तो कितीही मोठा असो, सोडू नये.

अंमलबजावणीला पिठाच्या गिरणीवाला नेमला. जन्मात कुणाला नंबर मोडू न दिलेला माणूस.

अकराला बैलगाडी आडवी लागली, ताडपत्री अंथरली, भजन सुरू झालं. पोलीसदादा सावली धरून उभे. इतकी देखणी शिस्त की मलाच माझा अभिमान वाटत होता. तेवढ्यात लेकीचा फोन. ती लातूरला शिकायला असते. नोकरीच्या यादीत नाव आलेलं, आज नांदेडला दोनच्या आत कागदपत्रं दाखवायची होती. पहाटेच्या गाडीनं ती केव्हाच पुढं गेली असेल असं मी धरून चाललो होतो.

"बाबा, पहिली गाडी हुकली. आता आपल्या फाट्याच्या अलीकडं अडकलेय. दोनला पोचले नाही तर माझी जागा खालच्या नंबरला जाईल. कोण बसलंय हो रस्त्यात?"

"असतील गावातले काही लोक," मी म्हणालो. "तुझ्याकडं हॉल तिकीट आहे का?"

"कागद तपासायला कुठलं आलंय हॉल तिकीट?"

मी गिरणीवाल्याकडं धावलो. त्यानं शांतपणे माझ्याच अक्षरातला कागद उलगडला. "यादीत न्हाई, सर."

"अरे, माझी लेक हाय ती!"

"कितीही मोठा असो, असं लिवलंय."

म्हणजे आता रस्ताच लवकर उघडायला हवा. निवेदन घ्यायला नायब तहसीलदार निघाले होते. कुठवर आले म्हणून फोन केला, तर साहेबांची जीप त्याच रांगेत, ट्रकांच्या मागं. ते म्हणाले, "रस्ता उघडा, मी येतो." आम्ही म्हणालो, "तुम्ही या, रस्ता उघडतो." गिरणीवाल्याला विचारलं, तर तो म्हणाला, "जीपमधी नवरदेव हाय का?"

मग मी ताडपत्रीवर बसून आठवं कलम लिहायला घेतलं. 'अधिकारी' शब्दाची व्याख्या करण्यात बराच वेळ गेला. त्यात कोतवाल येतो की नाही, यावर दोन म्हाताऱ्यांची जुंपली. मतदान हात वर करून की आवाजी, यावर आणखी काही वेळ. शेवटी साहेबच कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागं बसून, तुरीच्या रानातून धुळीनं माखून आले, निवेदन घेतलं, पाणी प्यायले आणि बैलगाडी हलली. तेव्हा माझी व्याख्या पूर्ण व्हायची होती.

मी रांगेकडं पळालो. एसटीत चढून पाहिलं, तर लेकीची जागा रिकामी. कंडक्टर म्हणाला, "ती पोरगी? उतरून गेली की कवाच." फोन लागेना. ऊन मी म्हणत होतं. पोरीची नोकरी बापाच्या अक्षरानं गेली, एवढंच डोक्यात फिरत होतं.

परत फाट्यावर आलो, तर सरपंचबाई ताडपत्रीची घडी घालत होत्या.

"सर, कुणाला हुडकताय? लेकीला? ती आली की चालत, तुमच्या पाठीमागूनच गेली. बैलगाडीच्या पल्याड दुसरीच एक जीप नांदेडकडं माघारी वळत होती, तिच्यात बसवून दिली मी. दोनच्या आत पोचली बी नांदेडला, आत्ताच कळवलं मला."

"अहो, मग मला तेव्हाच का नाही सांगितलं?"

"मी हाक मारणारच व्हते. तीच म्हणली, काकू, नका सांगू, बाबा उठतील अन् माझ्यावर आजून एक कलम लिवतील."