परिशिष्ट चौदा

आमचे हे नगरपालिकेत लेखापरीक्षक आहेत. म्हणजे दुसऱ्यांनी केलेला खर्च तपासायचा आणि जिथे चुकलं असेल तिथे हिरव्या शाईने आक्षेप लिहायचा. ऑफिसात यांना 'दमडी' म्हणतात. एकदा टाचण्यांच्या पाच डब्यांची पावती नव्हती म्हणून यांनी खुद्द साहेबांचं बिल अडवलं, तेव्हापासून. यांना ते ठाऊक आहे आणि त्याचा राग नाही. राग धरायचं खातं आमच्या घरात पहिल्यापासून माझ्याकडे आहे.

चोवीस वर्षांत बढती एकच मिळाली, तीही त्या खुर्चीवर दुसरं कोणी बसेना म्हणून. ऑफिसची पेन्सिल कधी घरी आली नाही. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात मी भाजीचा हिशोब अंदाजाने सांगितला, तर हे इतके कासावीस झाले की मला वाटलं, छातीत दुखतंय की काय. अशा माणसाबरोबर संसार केला मी. वैतागले खूप, पण एक कबूल करते, या माणसाने मला कधी खोटं सांगितलं नाही.

मी पुढच्या खोलीत शिवणाचं मशीन चालवते. आम्हाला एकच मुलगी, अकरा वर्षांची. तिला जन्मापासून ऐकू येत नाही. जुन्या दवाखान्याच्या मागे नगरपालिकेची अशा मुलांसाठी शाळा आहे. तीन खोल्या, चार शिक्षिका, एक्केचाळीस मुलं. पाच वर्षांची असताना घातली तिला. सहा महिन्यांनी एका दुपारी तिने माझा पदर ओढला आणि हातांनी मला आयुष्यातला पहिला प्रश्न विचारला. शेजारची मांजर कुठे गेली? अहो, ती मांजर मरून दोन वर्षं झाली होती. दोन वर्षं पोर तो प्रश्न पोटात घेऊन फिरत होती आणि मला पत्ता नव्हता. मी मशीनवर डोकं ठेवून रडले. दुसऱ्या शनिवारपासून मीही शाळेत पालकांच्या वर्गाला बसायला लागले.

तर आमचे नगराध्यक्ष. काटकसरीवर निवडून आलेला माणूस. मागच्यांनी उधळलं, मी पै न पै वाचवीन, असं सांगत गावभर फिरला. कोटाच्या कोपराला ठिगळ लावलेलं. लोक हळहळले ते ठिगळ बघून. मी शिवणारी बाई, मला काय दिसणार? ठिगळ कापड विरतं तिथे लागतं. याच्या कोटाचं कापड नवंकोरं, कुठे एक सूत ढिलं नाही, आणि वर ठिगळ. मी यांना तेव्हाच म्हटलं होतं. हे म्हणाले, कोट हा काही पुरावा नाही.

तीन वर्षांनी नगराध्यक्षांचा काटकसरीचा डोळा शाळेवर पडला. एका मुलामागे खर्च फार होतो म्हणे. वर्षाला अठ्ठावीस लाख. सभेत त्यांनी सांगितलं, आपण सगळीकडे बचत केली, आता एवढीच जागा उरली. तरी घाई नको, तीन वर्षांचा लेखापरीक्षण अहवाल येऊ दे, मग ठरवू. आणि तो अहवाल करायचं काम आलं यांच्या टेबलावर. यांनी आधी साहेबांना लेखी कळवलं की माझी मुलगी त्या शाळेत आहे, हे काम दुसऱ्याला द्यावं. साहेब म्हणाले, दुसरं आहे कोण?

चार रविवार आमच्या जेवणाच्या टेबलावर नगरपालिकेचे कागद पसरले होते. नकला घरी आणायचीसुद्धा परवानगी काढली होती यांनी. या कामाला दोन माणसं लागतात, एक वाचणारा आणि एक खूण करणारा. मी नगराध्यक्षांच्या भाषणातला एकेक दावा मोठ्याने वाचायची, हे त्याची नोंद शोधायचे. दोन गाड्या विकल्या, मी वाचलं. खरंच विकल्या होत्या. मग 'भाडे' या सदरात सात गाड्या सापडल्या. सभांमधला चहा बंद केला, तेही खरं. पण चहा बंद केल्याचे फलक गावभर लागले होते, आणि त्या फलकांच्या पैशात सगळ्या सभांना अकरा वर्षं चहा पाजता आला असता. नगराध्यक्षांच्या बंगल्याच्या बागेतलं कारंजं कुठे निघालं, तर पाणीपुरवठ्यात. मी हसून हसून लोटपोट झाले. हे हसले नाहीत, पण कान लाल झाले होते. समोर लेक बसलेली, आमच्या तोंडांकडे बघत. काय चाललंय, तिने विचारलं. यांनी हातांनी सांगितलं, तुझी शाळा वाचवतोय. लग्नाला सतरा वर्षं झाली, या माणसाच्या तोंडून किंवा हातातून अशी बढाई मी पहिल्यांदा बघितली.

अहवाल तयार झाला तेव्हा आमचं भांडण झालं. पहिल्या पानावर एकच ओळ होती. तीन वर्षांत एकूण खर्चात चार कोटी बारा लाखांची वाढ. बाकी सगळं, गाड्या, फलक, कारंजं, मागे परिशिष्ट चौदात, बारीक अक्षरात.

"हे पुढे घ्या," मी म्हटलं. "कारंजं पहिल्या पानावर घ्या."

"पहिल्या पानावर फक्त एकूण रक्कम असते. तपशील परिशिष्टात. ती पद्धत आहे."

"परिशिष्ट वाचतं कोण?"

यांनी माझ्याकडे नवलाने बघितलं. "मी वाचतो," म्हणाले.

मी कपाळाला हात लावला. नंतर खूप वाटलं, तेव्हा आकांडतांडव करायला हवं होतं मी. कागद फाडायला हवे होते. पण मीही मनातून म्हटलं, एवढं ढळढळीत लिहिलंय, आंधळ्यालाही दिसेल. इतकी मूर्ख मीसुद्धा.

सभेच्या दिवशी मी लेकीला घेऊन वर प्रेक्षकांच्या बाकांवर बसले. खाली सदस्यांची गोल टेबलं, ठराव खुद्द नगराध्यक्षांचा म्हणून सभा चालवायला त्या दिवसापुरते सभापती, कडेला अधिकाऱ्यांच्या खुर्च्या, शेवटच्या खुर्चीत हे, मांडीवर फाइल. प्रत्येकापुढे अहवालाची प्रत होती. विरोधकांपैकी एकजण त्या प्रतीने वारा घेत होता. पान उलटल्याचा आवाज काही वर आला नाही.

नगराध्यक्ष उठले. तेच ठिगळ. त्यांनी अहवाल उचलला, पहिलं पान सगळ्यांना दाखवलं आणि ती ओळ वाचली. मी यांच्याकडे बघितलं. हे किंचित पुढे सरकून बसले होते. मग नगराध्यक्ष आवाज खाली आणून म्हणाले, "मी हे मान्य करतो. खर्च वाढला. आपल्या प्रामाणिक लेखापरीक्षकांनी आपले डोळे उघडले. बचतीत आपण कमी पडलो, कारण भावनेपोटी काही निर्णय आपण पुढे ढकलत राहिलो. आता ते पुढे ढकलता येणार नाहीत."

मला आधी कळलंच नाही. मग लक्षात आलं. यांच्याच आकड्याने तो शाळा बंद करत होता.

हे उठून उभे राहिले. परिशिष्ट चौदा, एवढं म्हणाले असावेत, ओठ हलले. पण अधिकाऱ्याने विचारल्याशिवाय बोलायचं नसतं, आणि सभापतींनी विचारलं नाही, नुसता हाताने बसायचा इशारा केला. आयुष्यात पहिल्यांदा यांनी तो पाळला नाही. फाइल छातीशी धरून उभेच राहिले. सभापतींनी ठराव वाचला आणि म्हणाले, अनुकूल असतील त्यांनी हात वर करावेत.

सगळे हात वर गेले. विरोधकांचेही.

लेकीने माझं कोपर धरलं. ती आनंदाने नुसती फुलली होती. तिच्या शाळेत टाळ्या वाजवत नाहीत, ऐकणार कोण? कोणी छान काही केलं की सगळी मुलं दोन्ही हात वर करून हलवतात. तिने काय बघितलं, तर सगळे बसलेत, एकटे बाबा उभे आहेत, आणि भर सभेत सगळ्यांनी त्यांच्यासाठी हात वर केलेत.

"बघ, बाबांसाठी," तिने हातांनी मला सांगितलं. "पण यांना नीट येत नाही. हलवायचे असतात."

आणि ती बाकावरून उठली, कठड्याला टेकून तिने आपले दोन्ही हात उंच केले आणि खालच्यांना समजावं म्हणून जोरजोरात हलवायला लागली. खालून यांनी वर बघितलं. तिने मागे वळून मला खूण केली, तू पण कर. मी काय करणार होते? मी उभी राहिले आणि हात वर केले.