नामदेवभाऊंनी समुद्र उलटून पाहिला

भाजीबाजारात किस्से साचायला वेळ लागत नाही. सकाळचा लिलाव आटोपला की आम्ही रिकाम्या क्रेटांवर टेकतो, चहा येतो आणि कोणीतरी सुरू करतो. आमच्या बुलढाण्याच्या बाजारात माणसं मोजकी, पण संशय भरपूर! त्यामुळे किस्से बिनपाण्याचे पिकतात. यंदाचे मात्र सगळे पाण्यातलेच आहेत.

आधी नामदेवभाऊ कोण, ते सांगतो. देऊळघाटचे, टमाट्याचे व्यापारी. क्रेटमध्ये वर लालबुंद माल अन् खाली सडका, हा आमच्या धंद्यातला जुना डाव. म्हणून भाऊ प्रत्येक क्रेट उलटा करून पाहतात. सवय इतकी अंगात भिनली, की एकदा पाव्हण्यानं आंब्याची पेटी भेट आणली, तर भाऊंनी ओसरीत त्याच्यासमोरच पालथी घातली!

पाव्हणा चाट पडला. भाऊ म्हणाले, "रागावू नका. वरचे आंबे तुमचे, खालचे तुमाले इकणाऱ्याचे!"

*

भाऊंची लेक पल्लवी प्राणिशास्त्र शिकली आणि कोकणात, समुद्रकाठच्या एका उद्यानात नोकरीला लागली. काम काय? लोकांना पाण्याखालचे मासे दाखवायचे, होडी वल्हवायला शिकवायचं, कासवाच्या अंड्यांवर पहारा ठेवायचा.

बाजारात कोणाला पटेना. अमडापूरचा गजू, आमचा मिरचीवाला, म्हणाला, "कासवाची अंडी राखाले पगार? इथं कोंबडीच्या अंड्याले कोणी इचारत नाही!"

"भाऊ, यात काहीतरी गोम हाय," असं मीच म्हणालो. संशयात मी कोणाला हार जात नाही.

झालं! भाऊंच्या डोक्यात किडा शिरला. गजूची जीप निघाली. पुढच्या सीटवर घरून भरलेले पाण्याचे कॅन, कारण गजूला कोकणच्या पाण्याचा भरवसा नव्हता. मधल्या सीटवर भाऊ, आणि शेजारी त्यांची पिशवी. मागे मी, वहिनींनी लेकीसाठी दिलेल्या पापड-कुरड्यांच्या डब्यांत कोंबलेला.

"भाऊ, पिशवी उचला ना, मी बसतो तिथं."

"ती जागा पोरीची हाय," भाऊ म्हणाले. "येताना तिले घेऊनच यायचं. बस झाली असली नोकरी."

पोचल्यावर मी डबे उतरवायला लागलो, तर म्हणाले, "राहू दे. वापसच न्यायचे हायत."

*

किनारा एकदम शांत. सुरूची झाडं, वाळू, दोन-चार बाकडी आणि माणूस नाही.

"गिऱ्हाईक नाही म्हंजे माल बाद असन," गजूनं निकाल दिला.

आम्ही येळगाव धरणावर बसतो तसे पाण्याच्या अगदी कडेला पेपर अंथरून बसलो. भाकरी, ठेचा, कांदा. चार घास झाले नाहीत तर पाणी पेपराखाली! गजू भाकरीसकट उठून पळाला. "पळा बे! वरून दरवाजे उघडले!"

आम्हाला न्यायला आलेली पल्लवी हसून हसून वाळूत बसली. "गजूकाका, ही भरती हाय. समुद्राले दरवाजे नसतात."

गजू ओल्या भाकरीकडं पाहत म्हणाला, "दरवाजे नसतात, मंग सोडलं कोणी?"

*

दुसऱ्या दिवशी पल्लवीनं गजूला आणि मला एका लांबट होडीत बसवलं. पुढं गजू, मागं मी. दोघांनी वल्हवायचं. दोन हात मारले नाहीत तर गजूला शंका आली, की मी मागं नुसता बसून फुकटची हवा खातोय. मला अंगचोरी करू द्यायची नाही म्हणून तो चक्क उलटा फिरून माझ्याकडं तोंड करून बसला.

आता दोघंही जीव तोडून आपापल्या पुढं वल्हवतोय, आणि होडी जागची हलेना! घाम निघाला.

"होडी खालून बांधून ठेवली बे या लोकायनं!" गजू म्हणाला.

काठावरून पल्लवी ओरडली, "काका, एकानं तरी इस्वास ठेवा!"

*

माझी फजिती वेगळीच. ज्ञानगंगेच्या जंगलात अस्वल पाहायला गेलो होतो, तेव्हा गाइड सारखा म्हणायचा, "आत्ताच गेलं, थोडक्यात हुकलं." तेव्हापासून मी बोटाच्या दिशेनं बघत नाही, बोट दाखवणाऱ्याचं तोंड बघतो.

आम्हाला बोटीतून फिरवताना पल्लवी ओरडली, "डॉल्फिन!" मी तिच्या तोंडाकडं पाहत राहिलो. पोरगी खोटं बोलत नव्हती. वळेपर्यंत पाण्यावर नुसता फेस.

मी म्हटलं, "हं. आता एकदा परत उडव."

*

 भाऊ या सगळ्यात पोरीचं काम नुसतं बघत होते. शेवटच्या संध्याकाळी म्हणाले, "उद्या दुपारी निघू. बॅग भर तुही."

पल्लवीचा चेहरा पार उतरला. अन् गोम मीच काढली होती. पण ती एवढंच म्हणाली, "भरीन बाबा. सकाळी एकदा पाण्यात चला."

सकाळी तिनं मास्क आणि नळी पुढं केली. भाऊ भडकले. "नाक बंद करून तोंडानं श्वास? बापाले बुडवून राह्यली काय?"

"बाबा, क्रेट उलटल्याशिवाय तुमी माल वापस करता काय?"

भाऊंनी मुकाट्यानं मास्क चढवला. तिनं त्यांचा हात धरला आणि दोघं पालथे झाले. वर फक्त नळी. मी बोटीत जीव मुठीत धरून बसलो. "भाऊ, हाय ना?" नळीतून फुस्स आवाज आला. बरं वाटलं.

बऱ्याच वेळानं डोकं वर आलं. कपाळावर मास्कचा वळ, तोंडभर पाणी.

"जिंदगी गेली क्रेट उलटन्यात," भाऊ म्हणाले. "वरच्यापेक्षा खालचा माल चांगला, हे आज पह्यल्यांदा पाह्यलं बे!"

आणि पुन्हा तोंड पाण्यात.

दुपारी निघालो. मी मागं डब्यांत शिरलो. पल्लवी बॅग घेऊन जीपपाशी उभी, डोळे लाल. भाऊ मधल्या सीटवर बसले. तिच्या बॅगेकडं पाहिलं. मग शेजारची पिशवी उचलून मांडीवर घेतली. पल्लवीनं आत पाय टाकायला दार धरलं.

भाऊ मागं वळून माझ्यावर खेकसले, "तू काऊन मागं कोंबून बसला बे? ये, इथं बस. अन् येताना ते डबे उतरव. पोरीचे हायत."