जास्तीचं झाकणभर ऑइल

काल बोरगाव मेघेतल्या आमच्या गल्लीतून एक जुनी स्कूटर निळा धूर सोडत गेली. जळक्या ऑइलचा तो वास आला आणि मुलांनो, मी थेट देवळीच्या रस्त्यावर जाऊन पोहोचले.

माझ्या स्कूटरला पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून द्यावं लागे. मी ते मापाने घालायची, आणि वर इंजिनाच्या काळजीपोटी एक झाकण जास्तीचं. एका सकाळी देवळीच्या आमच्या घरून निरोप आला, बाबांचं काही खरं नाही. मी लगेच निघाले, पण अर्ध्या वाटेत गाडीने दम सोडला.

रस्त्याकाठच्या मिस्त्रींनी सायलेन्सर काढला. आत काजळी गच्च बसली होती.

"बाई, डॉक्टरनं सांगतली त्याच्याहून जास्त दवाई देता का कोणाले? मंग गाडीले काऊन पाजून राह्यल्या?"

कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या पेटवून त्यांनी सायलेन्सर जाळावर ठेवला. "काजळी जळाले घंटाभर लागते. थे पाहा, बस येऊन राह्यली. तुमी जा."

मी गेले नाही. स्वतःच्या पगारातून घेतलेली गाडी परक्याकडे सोडून जाववेना. बस समोरून निघून गेली. मी धुरात बसून राहिले, आणि तेव्हा मला ते जबाबदारीचं वागणं वाटलं.

पोहोचले तेव्हा अंगणात माणसं जमली होती. दादा म्हणाला, "आत्ताच गेले. सकाळपासून रस्त्याकडे कान लावून होते. म्हणत होते, तिची गाडी मले दुरूनच समजते."