अंगठ्याचं नख

वेचूकाकांचं खरं नाव पेन्शनच्या कागदावर होतं आणि बहुधा तिथेच राहिलं. तलावाच्या बांधावर, रविवारच्या जुन्या बाजारात, एवढंच काय, जावयाच्या तोंडीसुद्धा ते वेचूकाकाच. पंपाच्या मोटारी भरायच्या कारखान्यात सदतीस वर्षं तांब्याची तार गुंडाळली. निवृत्त झाल्यावर हात मोकळे झाले, पण बोटांना काही ते कळेना. मग त्यांनी मासेमारीचं जुनंपानं सामान गोळा करायला घेतलं.

तलावाचं पाणी उतरलं की हे पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून चिखलात. हातात टोकाला आकडा बांधलेली काठी. लोकांचे अडकून तुटलेले गळ, शिशाची वजनं, गळाच्या तंगुसाच्या दोरीचे वीतवीतभर तुकडे, सगळं पिशवीत. मोडक्या छत्रीच्या काडीतून गळाच्या काठीचा शेंडा तयार व्हायचा, बाटलीच्या बुचातून तरंगणारं बूच. मासे मात्र त्यांना क्वचितच लागत. काकू म्हणायच्या, "तळ्यातलं सगळं घरी आलं हो, एक मासा तेवढा राहिलाय."

एकदा तर कचराकुंडीला टेकवलेली अख्खी काठी दिसली. काका हरखले. इकडे तिकडे बघितलं, उचलली, चालू लागले. शंभर पावलं गेले असतील नसतील, मागून एक गृहस्थ धापा टाकत आले. एका पायात बूट, एक हातात. "अहो, मी नाडी बांधायला टेकवली होती!" काकांनी काठी परत दिली आणि वर त्यालाच सुनावलं, "मग कुंडीला कशाला टेकवायची? माणसाने समजायचं काय?" हा किस्सा ते स्वतःच रंगवून सांगत. लाजायचं असतं हे त्यांच्या गावीही नव्हतं. ती पाळी पुढे यायची होती.

कारण वेचण्यापेक्षाही त्यांचा खरा जीव बाजारात. रविवारी सकाळी मैदानाच्या कडेला लोक चादरी पसरून घरातलं नको झालेलं विकायला बसत. तुटकी घड्याळं, इस्त्र्या, बाहुल्या, आणि कधीमधी गळाच्या काठीला लावायचं, दोरी गुंडाळायचं एखादं रीळ. काका रीळ उचलत, डोळ्यांजवळ नेत, कानाशी धरत आणि दांडी फिरवत. आता यात एक मेख होती. त्यांच्या डाव्या अंगठ्याचं नख त्यांनी मुद्दाम वाढवलेलं होतं. दांडी फिरवताना ते नख चकरीच्या आतल्या कडेला हळूच टेकवायचं, की चांगल्यातलं चांगलं रीळ खर्र खर्र बोलू लागायचं. मग काका तोंड वाकडं करत. "दाते गेलेत." एवढंच. विकणारा बिचारा आपण होऊनच किंमत खाली आणायचा. नख उचललं की रीळ पुन्हा लोण्यासारखं, पण तोवर ते पिशवीत गेलेलं असायचं. काकांच्या लेखी हा काही खोटेपणा नव्हता, ही कला होती.

तर अशाच एका रविवारी, नळाजवळच्या कोपऱ्यात एक तिशीतली बाई नवीनच बसलेली दिसली. तिच्या चादरीवर चार भांडी, एक भिंतीवरचं घड्याळ आणि एक रीळ. काकांचे डोळे लकाकले. वजनदार, जुन्या घडणीचं, असं आता कुणी बनवत नाही.

"घरातलंच आहे, काका," बाई म्हणाली. "छान चालतं म्हणालेत घरी."

काकांनी कानाशी धरलं. नख टेकवलं. खर्र, खर्र.

"दाते गेलेत. छान म्हणणाऱ्याचे कान तपासून घ्या, ताई," काका म्हणाले. शेजारचा कुलपंवाला खो खो हसला. बाईचा चेहरा उतरला. तिला त्यातलं काही कळत नव्हतं, आवाज मात्र ऐकू आला होता. तिने काका म्हणाले त्या किमतीला रीळ देऊन टाकलं, वर पिशवीही दिली.

घरी आल्यावर काकांनी ओट्यावर वर्तमानपत्र पसरलं आणि रीळ उघडलं. काकू भाजी निवडत होत्या. "आज कुणाची हाडं आणलीत?"

काका रिळात डोळा घालून बघत होते. आतल्या दांड्यावर चामड्याची चकती होती. कंपनी तिथे प्लॅस्टिकची घालते. चामड्याची, जुन्या चपलेच्या पट्ट्यातून कापलेली, तेलात मुरवलेली, आणि तेल आत जायला कडेला तीन कोपऱ्यांची बारीकशी खाच. अशी चकती घालणारा माणूस काकांना सबंध आयुष्यात एकच भेटला होता. मिस्त्री.

मिस्त्री म्हणजे कारखान्यातल्या लेथवरचे. काका कारखान्यात लागले तेव्हा पहिल्या महिन्यात याच माणसाने त्यांना तलावावर नेलं, गळाला गाठ कशी मारायची ते शिकवलं, रीळ उघडायचं कसं ते शिकवलं. "आवाज ऐकायचा असतो, लेका. यंत्र खोटं बोलत नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. दोन वर्षांपूर्वी त्यांचे हात थरथरायला लागले, तलावावर येणं बंद झालं, ते मुलाकडे राहायला गेले. काका जाऊ जाऊ म्हणत राहिले. त्या थरथरणाऱ्या हातांकडे बघून बोलायचं काय, ते सुचत नव्हतं, म्हणून गेले नाहीत. हेही त्यांना आता आठवलं, आणि आठवायला नको होतं.

"अहो, काय झालं?" काकूंनी विचारलं.

"काही नाही. चांगलं आहे रीळ."

"मग तोंड असं का? चांगलं असलं की नाचता एरवी."

पुढच्या रविवारी काका सगळ्यांच्या आधी मैदानावर. मिस्त्री गेले तर नसतील, हीच भीती. माणूस गेल्यावरच तर त्याच्या वस्तू चादरीवर येतात. बाई आली, तसे ते लगबगीने पुढे झाले.

"ते रीळ... ज्यांचं होतं, ते...?"

"आमचे सासरे. आहेत की घरी," ती म्हणाली. "पण काका, तुम्ही बरोबर ओळखलंत हो. बाबांनी महिनाभर बसून ते जुळवलं होतं. हात हलतात ना त्यांचे, एकेक स्क्रू बसायला अर्धा तास. म्हणाले, हे विक, बघ लोक काय म्हणतात. मी घरी जाऊन सांगितलं, दाते गेलेत म्हणाले, खरखरतंय म्हणाले. तेव्हापासून खुर्चीतच बसून आहेत. म्हणतात, मला तर आवाज आला नव्हता, म्हणजे हातही गेले आणि कानही." तिने चादरीवर एक कापडी गुंडाळी उलगडली. "आज त्यांची हत्यारंच आणलीत. विकून टाक म्हणाले. तुम्ही जाणकार आहात, तुम्हीच बघा ना."

त्या गुंडाळीत पेचकस होते, बारीक चिमटे, चकत्या कापायचा गोल पंच. एकेक हत्यार आपापल्या कप्प्यात, दांड्यांवर मिस्त्रींच्या मुठीची झीज.

काकांच्या जिभेवर सगळं आलं होतं. ताई, ते रीळ खरखरत नव्हतं. ते माझं नख होतं. एवढी दोनच तर वाक्यं. पण शेजारी कुलपंवाला कान टवकारून बसलेला, समोर दोन गिऱ्हाइकं, आणि त्यातला एक म्हणतोय, "वेचूकाका, तुम्ही घेत नसाल तर मी घेतो हं!"

"मी घेतो," काका म्हणाले. तिने मागितले तेवढे पैसे दिले. आयुष्यात पहिल्यांदा घासाघीस केली नाही आणि तेवढ्यानेच आपण काहीतरी फेडलं असं घटकाभर वाटून घेतलं. बाई वर म्हणाली, "तुमच्यासारख्या माणसाकडे गेली, बरं झालं." काकांना वाटलं, या मैदानात कुठे खड्डा असेल तर बरा.

घरी काकूंनी गुंडाळी पाहिली आणि हात पुसत उभ्याच राहिल्या. "ही तर मिस्त्रींची. हिचं कापड मीच शिवून दिलं होतं. तुमच्या हातात कशी?"

तेव्हा काकांनी सांगितलं. नखासकट सांगितलं. काकू गुंडाळीच्या कापडावरची शिवण बोटाने चाचपत राहिल्या. एरवी त्या बोलायला लागल्या की काका बाहेर पळत, आज त्यांना वाटलं, बोलू दे हिला काहीतरी.

"जेवू नका," काकू शेवटी म्हणाल्या. "आधी जाऊन या."

मिस्त्रींच्या मुलाचं घर चौथ्या मजल्यावर, जिना अंधारा, दार त्या बाईनेच उघडलं. "अय्या, काका तुम्ही!" मिस्त्री खिडकीशी खुर्चीत होते. दोन्ही हात मांडीवर, एकावर एक दाबून धरलेले.

"कोण? वेच्या?" ते म्हणाले. "आलास होय! बस, लेका. दोन वर्षांनी वाट सापडली?"

काकांनी पिशवीतून रीळ काढलं. आणि बघा माणसाचं मन, इतका ठरवून आलेला, तरी ऐन वेळी सोपी वाट शोधायला गेलाच. "मिस्त्री, हे तुमचं रीळ माझ्याकडे आलं होतं. आत जरा माती होती. काढली. आता सुरेख चालतंय."

मिस्त्रींचा चेहरा आणखीच पडला. "माती? मी बंद करताना आत माती राहिली?"

"म्हणजे माती नाही तशी. ग्रीस सुकलं होतं."

"महिन्याभरात?" मिस्त्री हातांकडे बघत म्हणाले. "मग मी लावलं तरी काय होतं?"

काकांच्या लक्षात आलं, आपण आपल्या चुकीवर घालतोय ते प्रत्येक पांघरूण या म्हाताऱ्याच्या अंगावरूनच ओढून घेतोय. त्यांनी रीळ मिस्त्रींच्या कानाशी धरलं आणि दांडी फिरवली. आवाजच नाही. मग डावा अंगठा टेकवला. खर्र, खर्र, खर्र.

मिस्त्रींनी मान वाकडी केली. "पुन्हा कर." काकांनी पुन्हा केलं. "कुठे लावतोस?"

"इथे. आतल्या कडेला. नखाने." काकांनी अंगठा पुढे केला. "बाजारात मी असंच करतो, मिस्त्री. सगळ्यांनाच. तुमचं आहे हे माहीत नव्हतं."

"माझं नसतं तर चाललं असतं?"

पण मिस्त्री उत्तराची वाट बघतच नव्हते. रीळ हातात घेऊन, थरथरत्या बोटांनी दांडी फिरवत ते कान लावून बसले होते, आणि एकदम ओरडले, "सूनबाई! अगं, मी नव्हे! हा चोर आहे चोर! माझे दाते शाबूत आहेत!" आणि इतके हसले, इतके हसले की खोकला लागला. काकांना वाटलं होतं, रागावतील, शिव्या देतील. त्या शिव्या खाण्याची तयारी होती. या आनंदापुढे कुठे बघायचं ते कळेना.

सूनबाई मात्र हसली नाही. दाराच्या चौकटीत उभी राहून ती म्हणाली, "मी घरी येऊन ते कानांचंही सांगितलं होतं, काका. तुमचा शब्दन् शब्द. तुम्हाला सगळं कळतं असं वाटलं, म्हणून."

"चुकलं, ताई," काका म्हणाले. हे दोन शब्द मैदानात कुलपंवाल्यासमोर म्हणायचे होते, हे त्यांना ठाऊक होतं, आणि तिलाही.

काकांनी गुंडाळी मिस्त्रींच्या मांडीवर ठेवली. मिस्त्रींनी एकेक कप्पा चाचपला, मग मान वर केली. "सगळं आहे. फक्त याच्या कामाचं एक हत्यार नाही. सूनबाई, नेलकटर आण गं."

"मी कापतो, मिस्त्री."

"हात इकडे कर."

मिस्त्रींनी काकांचा अंगठा पकडला. नेलकटर थरथरत नखाभोवती फिरत राहिलं, एकदा कातडीला टेकलं, पुन्हा सरकलं. सूनबाई श्वास रोखून बघत होती. काकांनी हात मागे घेतला नाही. बराच वेळ गेला, आणि मग एकदाचं कट् झालं. पुन्हा कट्. नखाचा तुकडा गुंडाळीवर पडला. बोटाला ओरखडाही नव्हता.

मिस्त्रींनी तो तुकडा चिमटीत धरून उजेडात बघितला आणि आपल्याच हाताकडे बघितलं.

"पलंगाखाली खोक्यात अजून तीन रिळं आहेत," ते म्हणाले. "काढ बाहेर. एकेक उघडू. आणि रविवारी बाजारात जायच्या आधी इथे यायचं."

"कशाला, मिस्त्री?"

"नख दाखवायला."

काका पलंगाखाली वाकले. सूनबाईने आतून विचारलं, "चहा टाकू का दोघांना?" तिच्या तोंडी नेहमी असायचा तो 'काका' त्यात नव्हता. खोकं ओढायचं निमित्त करून ते तसेच वाकून राहिले, जरा जास्तच वेळ.