धोंडिबाचं नाक

दवाखान्याच्या दारात स्टूल टाकून बसलं की किस्से गोळा करावे लागत नाहीत, दारातल्या चपलांसारखे आपोआप साचतात. गंगाखेडला कान-नाक-घशाच्या डॉक्टरबाईंकडे मी नंबर पुकारतो. माझ्याकडे बरेच साचलेत.

बोरीचा एक शेतकरी खाली वाकला की त्याचं कपाळ ठणकायचं, म्हणून चष्मा करून आला. बाईंनी भुवईखाली दाबलं तसा कळवळला. बाई म्हणाल्या, "डोळे चांगले आहेत. सर्दी आत तुंबून सायनस सुजलंय."

"चष्मा बी नाकावरच बसतोय की मॅडम. वाटलं, कायतर फरक पडंल."

एका ऊसतोड्याला रोज वाफ घ्यायला सांगितलं. तो गुऱ्हाळातल्या कढईवर तोंड धरून बसू लागला. परत आला तो गाल भरून. "नाक मोकळं झालं न्हाई, पर गूळ लय चांगला हाय."

सगळ्यात जास्त किस्से मात्र धोंडिबाचे. हा सोनपेठकडचा मेंढपाळ. सर्दीनं नाक कायमचं बंद, वास पार गेलेला. बायकोनं, सखूबाईनं, त्याला ओढत आणलं. मला म्हणाली, "आबा, भाकर मुद्दाम करपवून बघितली, तरी गुमान खाल्ली. नावं ठिवणारं माणूसच ऱ्हायलं न्हाई घरात. करमत न्हाई मला."

बाईंनी नाकात दुर्बीण घातली. पडद्यावर बघून धोंडिबा म्हणाला, "ही कुणाची विहीर?"

"तुमचंच नाक आहे, मामा."

"मंग गाळ काढा की."

आत मांसाचे कोंब वाढले होते. बाईंनी मिठाच्या पाण्यानं नाक धुवायला सांगितलं, फवारा दिला. फरक नाही पडला तर ऑपरेशन.

फवारा लवकरच संपला म्हणून दोघं परत आले. धोंडिबा म्हणाला, "एक मेंढी कोकराला जवळ घेईना. वासावरच वळखत्यात त्या. म्हणलं, हिचं बी नाक बंद असंल."

बाईंनी कपाळाला हात लावला. "जनावराला द्यायचं नसतं ते. मग?"

"आता ती समद्यांच्याच कोकरांना पाजायलीय."

त्यानंतरच्या खेपेला बाईंनी विचारलं, "वास येतो का?"

"न्हाई."

सखूबाईचं तोंड उतरलं. बाई ऑपरेशनचं बोलल्या. दोघं बाहेर बाकड्यावर येऊन बसले. एसटीला वेळ होता, म्हणून तिनं भाकरीचं फडकं सोडलं. धोंडिबानं घास तोंडाशी नेला आणि थांबला. पुन्हा हुंगला.

"अगं, चटणीचं तेल खवट हाय."

ती बघतच राहिली. "परत म्हणा."

"खवट हाय म्हणलं की. येवढं बी कळत न्हाई व्हय तुला?"

सखूबाईनं पदरानं डोळे पुसले, उठली, आणि पेढे वाटावेत तशी ती चटणी सगळ्या पेशंटांना वाटत सुटली. बाईंनीही बोटभर चाटली.