रुमालवाला आणि माझी मिशी

आमचे आबा दोनदा वारले. दुसऱ्या वेळेला म्हातारपणानं वारले. पहिल्या वेळेला मात्र सर्वस्वी माझ्यामुळं वारले, आणि ते वारले हे सगळ्यात शेवटी त्यांनाच कळलं.

सुरुवातीपासून सांगतो. (मधूनच सांगितलं तर लोक मला वेडा ठरवतात. सुरुवातीपासून सांगितलं तरी ठरवतात, पण जरा उशिरा.)

त्या वेळी मी झरीच्या पुढं एका खेड्यात शाळामास्तर होतो. घरात बायको, आठ वर्षांचा विनू आणि पाच वर्षांची छकी. आबा, म्हणजे माझे वडील, तिकडं राणीसावरगावला शेती बघायचे. डोक्याला पांढरा रुमाल बांधलेला आणि ओठावर पांढऱ्या झुपकेदार मिशा. त्या मिशा मला वारशानं मिळाल्या, केस मात्र तिशीतच सोडून गेले. सारांश, डोकं तुळतुळीत आणि खाली मिशी भरघोस, असा माझा अवतार होता. हे ध्यानात ठेवा, पुढं सगळं इथंच घसरलंय.

कॉलेजात असताना परभणीला मी 'रुमालवाला' नावाचा सिनेमा बघितला आणि कामातून गेलो. हिरोकडं बंदूक नाही, तलवार नाही. डोक्याला बांधलेला लाल रुमाल सोडायचा, टोकाला गाठ मारायची, गरागरा फिरवायचा आणि दणादण! वीस-वीस गुंड लोळवायचा! वर्षभरानं दुसरा भाग आला, 'रुमालवाला लौट आया'. तोही बघितला. तिसरा आला तेव्हा माझं लग्न लागत होतं, त्यामुळं तो राहिला. पोरांना मात्र मी छातीठोक सांगून ठेवलं होतं की तिन्ही भाग मी अकरा-अकरा वेळा बघितलेत. रोज जेवताना एक मारामारी सांगायचो. विनू टॉवेल फिरवून शेजाऱ्याच्या कोंबड्या पळवायचा. छकी माझ्या मांडीवर बसून, माझ्या हातनं घास खाता खाता विचारायची, "बाबा, मंग रुमालवाला आपल्या घरी कवा येनार?"

तेवढ्यात व्हिडिओचं खूळ आलं. एका शनिवारी मी परभणीहून टीव्ही, व्हिडिओ आणि तिन्ही भागांच्या कॅसेटी भाड्यानं आणल्या. आबांना आधीच कार्ड टाकलं होतं, 'रविवारी या, पोरांना रुमालवाला दाखवतोय.' 'येतो' म्हणून त्यांचं उलट कार्डही आलं होतं. रविवारी आबा आले नाहीत. (त्या दिवसांत विद्यापीठाच्या नामांतरावरून आज इथं बंद, उद्या तिथं बंद. एसटीचा काही भरवसा नव्हता.) दुपारपर्यंत वाट बघितली आणि सुरू केलं.

पहिला अर्धा तास काय मजा! विनू पलंगावर उभा राहून शिट्ट्या मारायला. छकी माझ्या मांडीवर टाळ्या पिटायला. मग पडद्यावर व्हिलन आला.

अरे देवा! हा मी साफ विसरलो होतो. डोकं तुळतुळीत, मिशी भरघोस! (पूर्वी बघितला तेव्हा माझ्या डोक्यावर केस होते हो, साम्य कुठून लक्षात येणार?)

छकीनं पडद्याकडं बघितलं. मान वर करून माझ्याकडं बघितलं. परत पडद्याकडं बघितलं. तिथं तो टकल्या एका म्हातारीच्या झोपडीला काडी लावत होता.

"आईऽऽऽ! बाबा म्हातारीचं घर जाळायलेत!"

आणि मांडीवरून उडी मारून पोर थेट ज्वारीच्या कणगीमागं!

"अगं छके, तो मी नाही!"

"पोलिसाला त्यो बी असंच म्हनला, बाबा," विनू शांतपणे म्हणाला.

वाटलं, दुसऱ्या भागात तरी व्हिलन बदलेल. लावला. बदलला नव्हता. व्हिलनही लौट आया होता, आणि या वेळी त्यानं छकीएवढीच एक पोरगी पळवून नेली.

झालं! त्या दिवशी छकी माझ्या ताटात जेवली नाही. मी घास पुढं केला तर तोंड आईच्या पदरात. मी एक पाऊल पुढं टाकलं की किंकाळी. पोटची पोर आपल्याला बघून थरथर कापते, हे फार वाईट असतं हो. मला भाकरी गोड लागेना.

"बघा अजून अकरा-अकरा वेळा!" बायको म्हणाली.

शेवटी विनूला मध्यस्थ घातला. तो कणगीमागं जाऊन बोलणी करून आला. "ती म्हनायलीय, रुमालवाल्याला मिशी न्हाई. मिशीवाले सगळे वाईट हायत."

आता टकलाला काही इलाज नव्हता. मिशीला होता.

सोमवारी सकाळी बायको धुणं घेऊन नदीवर गेली आणि मी गेलो नामदेवकडं. नामदेव गावचा न्हावी, लिंबाखाली खुर्ची टाकून बसायचा. मी म्हटलं, "मिशी काढ."

त्याचा वस्तरा हवेतच थांबला. "सगळी?"

"सगळी."

त्यानं एकदा माझ्या टकलाकडं बघितलं, एकदा मिशीकडं. त्यानं वस्तरा खाली ठेवला. "कवा झालं, मास्तर?"

"काल दुपारी."

"एकदमच?"

"एकदमच. ध्यानीमनी नव्हतं रे. पोरगी किंचाळली तेव्हा कळलं."

"अन् तुमी हितंच? गावाकडं न्हाई गेलाव?"

"गावाकडं कशाला? शाळा आहे ना."

नामदेव माझ्याकडं बघतच राहिला. मिशी काढली, तोंड पुसलं आणि त्यानं स्वतःची टोपी काढून छातीशी धरली. मला वाटलं, गरम होत असेल.

आता तुम्ही म्हणाल, मास्तर, आपल्याकडं बाप गेल्याशिवाय माणूस मिशीला वस्तरा लावत नाही, हे तुम्हाला माहीत नव्हतं? होतं हो! चांगलं माहीत होतं! पण त्या सकाळी माझ्या डोक्यात छकीशिवाय दुसरं काही शिरतच नव्हतं. बरं, डोक्यावर आधीच केस नाहीत. म्हणजे बघणाऱ्याला माझं अख्खं मुंडण झालेलं दिसत होतं.

शाळेत पोचलो तर घंटेऐवजी सगळी पोरं ग्राउंडवर रांगेत उभी, हेडसर समोर. म्हणाले, "दोन मिनिटं स्तब्ध उभं राहायचं आहे." मी मान खाली घालून उभा राहिलो. कोणी मोठा पुढारी गेला असणार. शेजारच्या गुरुजींना हळूच विचारलं, "कोण गेलं हो?"

त्यांनी माझा हात घट्ट धरला. "धीर धरा, सर. होतं असं कधीकधी माणसाचं."

दोन मिनिटं संपली. हेडसरांनी घसा खाकरला. "आपल्या सरांचे वडील काल दुपारी अचानक गेले. तरी सर आज शाळेत हजर आहेत. याला म्हणतात कर्तव्यनिष्ठा!"

मी उडालोच. "नाही हो सर! वडील आहेत!"

"आहेतच," हेडसर गहिवरून म्हणाले. "ते आपल्या सर्वांच्या आठवणीत राहतीलच. शाळेला सुट्टी!"

शाळा "हुर्यो!" करून जी उधळली, ती पाच मिनिटांत गावाच्या घराघरांत बातमी घेऊन शिरली. तिसरीच्या रांगेत आमचा विनू होता. तो "आबाऽऽ" म्हणून असा हंबरडा फोडून बसला की मास्तरचा बाप गेलाय यात गावाला आता शंकाच राहिली नाही. मी त्याला जवळ घेऊन म्हणालो, "अरे, आबांना काही झालेलं नाही."

"मंग मिशी का काढली?"

आता चारचौघांत काय सांगू? माझी लेक मला गुंड समजते म्हणून? इज्जतीचा सवाल होता. मी गप्प बसलो. (आयुष्यात जिथं बोलायला पाहिजे तिथं मी हमखास गप्प बसलोय.)

खांद्यावर टॉवेल टाकलेली वीस-पंचवीस माणसं मला धरून घरी घेऊन निघाली. मनात म्हटलं, घरी बायको आहे. ती हे सगळं दोन मिनिटांत मोडून काढील.

घरी गेलो तर अंगणात बायकांचा घोळका, आणि मधोमध माझी बायको ओल्या धुण्याच्या पिळ्यासकट बसून रडायलीय! "मामंजीऽऽ! काल येतो म्हनलेलं की हो तुमी!"

नीट विचार केला. मी तर हिला काहीच बोललो नव्हतो. मग हिला कसं कळलं? म्हणजे नदीवर कुणीतरी निरोप आणला असणार! आबा रविवारी येतो म्हणाले होते, आले नाहीत, ते यामुळंच! म्हणजे मी अफवा समजत होतो ते खरंच निघालं की काय! आणि मी करंटा, टीव्हीपुढं बसून रुमालवाला बघत होतो!

मी मटकन खाली बसलो आणि ओक्साबोक्शी रडायला लागलो. मला बघून बायकोनं आवाज वाढवला. तिला बघून मी वाढवला. (तिला कसं कळलं ते नंतर कळलं. तिला शेजारच्या गंगामावशींनी सांगितलं, मावशींना आणि हेडसरांना नामदेवनं, आणि नामदेवला मी!)

चूल पेटायचा प्रश्नच नव्हता. शेजारून पिठलं-भाकरीच्या टोपल्या यायला लागल्या. कुणी राणीसावरगावला जायला जीप ठरवायला पळालं.

एवढ्यात दुपारची एसटी आली. तिच्यातून एक म्हातारा उतरला, खांद्यावर शेंगांची पिशवी. अंगणातली गर्दी बघून त्याचा चेहरा पडला. पायताण काढून तो बिचारा मागं, दाराशी येऊन बसला आणि त्यानं शेजारच्या माणसाला हळूच विचारलं, "कोन गेलं बाबा?"

"मास्तरचा बाप."

"अरारारा!" म्हातारा हळहळला. डोळे पुसायला रुमालाचं टोक वर गेलं, आणि तिथंच थांबलं. "अहो, पर मास्तरचा बाप तर मी हाय की!"

शेजारचा माणूस बसल्या जागेवरून जो उठला तो थेट कुंपणापलीकडं गेला. अंगणात नुसता गोंधळ! कुणी रामनाम घ्यायला लागलं, कुणी टोपलीतल्या भाकरी सांडल्या. मी "आबा!" म्हणून धावलो आणि त्यांच्या गळ्यात पडलो. जन्मात मला कुणाला बघून एवढा आनंद झाला नव्हता.

आबांना मात्र झाला नाही. त्यांनी मला दोन्ही हातांनी लांब धरलं. माझ्या वरच्या ओठाकडं बघितलं. बघतच राहिले.

"मी जित्ता हाय," ते सावकाश म्हणाले, "अन् तू मिशी काढली?"

"आबा, ऐका तर, ते छकीला..."

"बंद व्हता म्हून एक दिस गाडी निघाली न्हाई. एक दिस! तेवढा बी दम निघाला न्हाई तुला?"

आणि त्यांनी डोक्याचा रुमाल सोडला. टोकाला गाठ मारली. गरागरा फिरवला.

पहिला फटका पाठीत बसला तसा मी अंगणातून पळायला लागलो. मी पुढं, आबा मागं, रुमाल मध्ये! तुळशीला एक फेरी झाली, दोन झाल्या. माणसं बाजूला सरून वाट द्यायली. आणि तिसऱ्या फेरीला घरातून आवाज आला, "रुमालवाला आलाऽऽ!"

छकी! कालपासून कणगीमागं बसलेली माझी लेक टाळ्या पिटत अंगणात आली होती! "मारा! अजून मारा! त्या टकल्यानं म्हातारीचं घर जाळलंय!"

"अगं, मी मिशी काढलीय, बघ!" मी पळता पळता ओरडलो.

"मिशी काढून लपायलाय त्यो! आमी वळखलंय!"

आबा दमून ओट्यावर बसले तेव्हा छकी त्यांच्या मांडीवर चढली. त्यांच्या त्या भल्यामोठ्या मिशीची तिला काही म्हणजे काही हरकत नव्हती. मी धापा टाकत म्हणालो, "छके, आबांना मिशी आहे, आणि रुमालवाल्याला नसते ना?"

तिनं जरा विचार केला. आबाही थांबून राहिले. विनू मला म्हणाला, "तिसऱ्या भागात असती का बाबा? तुमी अकरा वेळा बघितलाय न्हवं?"

तिसऱ्या भागाची कॅसेट व्हिडिओशेजारीच पडून होती. मग काय, अंगणातली सगळी माणसं आत आली, कुणाचं सुतक नाही आणि पिठलं-भाकरी पडलेली, ती खात खात सगळ्यांनी तिसरा भाग लावला. पहिल्याच प्रसंगात दहा वर्षांनी तुरुंगातून रुमालवाला सुटून येतो. दार उघडतं. धूर बाजूला होतो. लाल रुमाल दिसतो, आणि त्याच्या खाली ही एवढी मोठी झुपकेदार मिशी!

सगळी खोली माझ्याकडं वळून बघायला लागली. छकीसुद्धा. तिनं माझं तोंड नीट निरखलं आणि आबांच्या मांडीवरून उतरून माझ्यापाशी आली.

"बाबा," ती कळवळून म्हणाली, "तुमाला किती चांगली मिशी व्हती. कशाला काढलाव?"

आणि तिनं माझ्या ताटातली भाकरी मोडून एक घास माझ्याच तोंडात घातला. पाठ ठणकत होती, ओठ उघडा पडला होता, पण घास गोड लागला.

आबा पुढं बारा वर्षांनी खरोखरच गेले. शेवटची वर्षं ते आमच्याकडंच होते. सगळं गाव जमलं, सगळ्यांचे डोळे ओले. नामदेव पेटी घेऊन आला, माझ्यासमोर बसला, वस्तऱ्याला धार लावली, आणि माझ्या मिशीजवळ हात नेऊन थांबला.

"मास्तर," तो हळूच म्हणाला, "एकदा आत जाऊन बघून येऊ का?"