यावेळी फुकट नाही

सुहास गेल्याचं मला सुहासच्याच ईमेलवरून कळलं. टेक्ससमधल्या प्लेनोच्या ऑफिसात सकाळची मीटिंग चालू होती, फोन पर्समध्ये होता, आणि समोरच्या लॅपटॉपवर त्याच्या पत्त्यावरून मेल आली. विषयाच्या जागी नेहमीचंच, 'फिडल, बातम्या आणि गप्पा'. मला बरंच वाटलं. म्हटलं, चला, आजारातून उठून बसलेला दिसतोय... उघडली तर आत दोन ओळी आणि खाली त्याच्या बायकोचं, अनघाचं नाव. सुहास आपल्या श्रोत्यांना दर महिन्याला पत्र पाठवायचा, त्याच यादीवर तिने बातमी कळवली होती. त्याला ओळखणारे सगळे एका जागी सापडतील अशी तिच्याकडे दुसरी जागाच नव्हती. मला तिने आधी फोन केला होता, पण ते मीटिंग अर्धी सोडून बाहेर आल्यावर दिसलं.

या गोष्टीला आता काही आठवडे झाले. सुहास देशकर हे नाव तुमच्यापैकी फारसं कुणाला माहीत असायचं कारण नाही. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत तो कधी वाजवायला उभा राहिला नाही. मंडळाने एकदा विचारलं होतं, तर म्हणाला, "भावगीतं वाजवायला सांगतील, अन् मले येत नाही." नॉर्थ कॅरोलायनाच्या डोंगरांपासून किनाऱ्यापर्यंत आयरिश आणि स्कॉटिश संगीत ऐकणारे जे काही शेकडो वेडे लोक आहेत, त्यांना मात्र तो नीट माहीत होता. जमिनीवर मांडी घालून, फिडलचं, म्हणजे व्हायोलिनचंच, टोक पायाच्या घोट्यावर टेकवून भन्नाट वेगाने रील, म्हणजे तिकडच्या नाचाच्या धुना, वाजवणारा इंडियन!

२००१ साली नॉर्थ कॅरोलायनातल्या कॅरीला, आमच्या सॉफ्टवेअर टीममध्ये तो आला. नागपूरचा. मी पुण्याची. त्यामुळे पहिल्याच आठवड्यात आमचं भांडण झालं, आणि दुसऱ्या आठवड्यात तो डब्यात माझ्यासाठी सावजी रस्सा घेऊन आला. "पुणेकर, हे खा. रडू आलं तर सांगू नको," म्हणाला. रडू आलं. लहानपणापासून तो नागपुरात एका गुरुजींकडे व्हायोलिन शिकला होता, आपल्या पद्धतीचं, बैठकीचं. इंजिनिअर झाल्यावर बहुतेकांचं होतं तेच झालं, वाद्य पेटीत गेलं. इथे येताना आईने ती पेटी बळंच सोबत दिली.

शेजारच्या रॅले शहरात एका आयरिश पबात रविवारी दुपारी सेशन चालायचं. म्हणजे कार्यक्रम नव्हे. पाचसहा जण गोल बसतात, कुणीतरी एक धून सुरू करतो, येत असेल तो त्यात मिसळतो. धून साधारण तीनदा वाजवायची आणि त्याच दमात दुसऱ्या धुनेत शिरायचं. एकट्याने पुढे जायचं नाही. आम्ही दोघं सहज जेवायला गेलो होतो. पुढच्या रविवारी सुहास पेटी घेऊन गेला आणि मला टाळ्या वाजवायला सोबत नेलं. धून तीनदा वाजली, सगळे थांबले. सुहासला वाटलं, बंदिश मांडून झाली, आता विस्तार करायला आपल्याला जागा दिली! झालं. डोळे मिटले आणि त्या बिचाऱ्या आयरिश धुनेची बढत सुरू केली. आलाप, मग ताना. बाकीचे वाद्यं मांडीवर घेऊन बसून राहिले. एकाची बिअर संपली, त्याने दुसरी आणली. मला टेबलाखाली जावंसं वाटत होतं. शेवटी सुहासने डोळे उघडले. अकॉर्डियन वाजवणारा टॉम नावाचा म्हातारा होता, तो पुढे वाकून इतकंच म्हणाला, "दॅट वॉज लव्हली, सन. नाउ प्ले इट विथ अस."

परत येताना गाडीत मी त्याची भरपूर चेष्टा केली. तो हसलाच नाही. म्हणाला, "आपल्याकडे नं, वाजवणारा एकटाच असते बे. इथं सगळे मिळून एकच वाजवून राहिले होते." त्यानंतर त्याचा एकही रविवार चुकला नाही.

वर्षभरात तो स्वतः धुना बांधायला लागला. त्यांची नावंही याची खास. 'अंबाझरी रील', 'तर्री पोहे जिग' (जिग हा तिकडचाच आणखी एक नाचाचा ठेका). घरच्या खोलीवजा कपाटात कपडे बाजूला सारून, आत बसून रेकॉर्डिंग करायचा आणि दर महिन्याला श्रोत्यांना इंग्रजीत मेल लिहायचा. या महिन्यात कुठे वाजवणार आहे, नवी धून कुठली, ती इथून उतरवून घ्या. अंबाझरी कोण, असं एका बाईंनी विचारलं, तर त्याने नागपूरच्या तळ्यावर मोठा परिच्छेद लिहिला, आणि त्यात संत्री आणि उन्हाळाही घुसवला. जायच्या आधी प्रत्येक मेल माझ्याकडे यायची, स्वल्पविराम घालायला. शेवटची ओळ कायम ठरलेली. 'नेहमीप्रमाणे, सगळं फुकट.'

लोकांना त्या ओळीचं फार कौतुक. हा पैसे घेत नाही, सीडी विकत नाही, समोर ठेवलेल्या बरणीत कुणी नोट टाकली तर उचलून टॉमला देतो. केवढा मोठा मनाचा कलाकार! पूर्वेकडचं अध्यात्म वगैरेही एकाने लिहिलं होतं. अध्यात्म कसलं डोंबलाचं! आम्ही सगळे एच-वन व्हिसावर होतो. ज्या कंपनीने आणलं तिच्याकडून पगार घ्यायचा, दुसऱ्या कुठल्याही कामाचा एक डॉलर घ्यायचा नाही. वकिलाने त्याला स्पष्ट सांगितलं होतं, ग्रीन कार्ड येईपर्यंत संगीत हा तुझा छंद आहे, छंदच राहू दे. त्याला तर तेच नको होतं. नोकरी सोडून फक्त वाजवायचं, त्यावरच पोट भरायचं, एवढी एकच गोष्ट त्याला आयुष्यात हवी होती. ग्रीन कार्डाची रांग एक महिना पुढे सरकायची आणि दोन महिने मागे जायची.

अनघाला हे वेड मान्य नव्हतं, आणि तिची बाजू मला कधीच चुकीची वाटली नाही. ती इथे सुहासच्या व्हिसावर. तिला नोकरी करता येत नव्हती. त्यांची मुलगी सई शाळेत जायला लागली होती. सुहासची नोकरी गेली तर तिघांनाही गाशा गुंडाळावा लागला असता. एकदा डोंगराकडच्या एका संगीत महोत्सवाने त्याला बोलावलं, मानधन देऊन, तीन दिवस. याने मानधन नाकारलं, पण तीन दिवस रजा टाकून जायचं ठरवलं. ऑफिसात तेव्हा माणसं कमी करणं चालू होतं. मी त्यांच्याकडे जेवायला होते. अनघा पोळी लाटता लाटता म्हणाली, "सुहास, कॅन्सल कर. या वर्षी नको."

"अगं, तीन दिवसांचा तर प्रश्न आहे."

"तीन दिवसांत लोकांचे बॅज बंद होतायत, नोकऱ्या जातायत. फुकट वाजवायला जायचं आणि परत येऊन सामान बांधायचं?"

सुहासने माझ्याकडे बघितलं. मी भाताकडे बघितलं. त्याने महोत्सव कॅन्सल केला. पुढच्या मेलमध्ये 'काही घरगुती कारणाने' असं लिहिलं, आणि तो महिनाभर अनघाशी कामापुरतंच बोलत होता.

मी प्लेनोला आले त्या वर्षीच त्याच्या डाव्या हाताची बोटं ऐकेनाशी झाली. आधी वाटलं, टायपिंग फार होतंय. मग वाटलं, मांडी घालून वाकून वाजवतो त्याने मान धरली असेल. टॉमने तर त्याला खुर्चीवरही बसवून बघितलं. निघाली मेंदूतली गाठ. ऑपरेशन झालं, किरण देऊन झाले, पण त्या बोटांत परत ताकद आली नाही. आणि यापुढचं जे आहे ते आठवलं की मला अजूनही संताप येतो, आणि तो कुणावर काढावा ते कळत नाही. इन्शुरन्स नोकरीचा, व्हिसा नोकरीचा, कार्डाची रांगही त्याच नोकरीची. त्यामुळे हा माणूस उपचारांमधून उठून ऑफिसात जाऊन बसायचा. डावा हात खिशात ठेवून मीटिंगमध्ये हसायचा. लांब रजा मागायची त्याला भीती वाटायची.

मेल चालूच होत्या. आता तो त्या एकट्या उजव्या हाताने टाइप करायचा. 'नव्या धुना शिजतायत, जरा धीर धरा.' मी न राहवून फोन केला. म्हटलं, "खरं काय ते सांगून टाक ना लोकांना. एवढा जीव लावतात तुला."

"माझा मॅनेजर आहे बे त्या यादीवर," तो म्हणाला. "मोठा फॅन आहे माझा."

मग मी पुन्हा स्वल्पविराम घालत बसले. काय करणार...

ग्रीन कार्ड गेल्या वर्षी, पानगळीच्या दिवसांत आलं. तिघांचीही कार्डं एकदम. अनघाने फोनवर सांगितलं आणि रडायला लागली. आता काही झालं तरी तिला आणि सईला इथून कुणी घालवू शकणार नव्हतं, आणि 'काही झालं तरी' म्हणजे काय, हे आम्हाला दोघींनाही माहीत होतं. सुहास मागून ओरडत होता, "पुणेकरला सांग, आपण दुकान उघडून राहिलो!"

त्याला खरंच दुकान उघडायचं होतं. कपाटात केलेल्या जुन्या रेकॉर्डिंगांमधून त्याने निवडून धुना काढल्या. टॉमने आपल्या अकॉर्डियनवर दोन जागा भरून दिल्या, आणि विकायला सीडी तयार झाली. टाइप करणं आता त्याला जमत नव्हतं, म्हणून त्या महिन्याची मेल त्याने मला फोनवर सांगितली. आजारपण, हात, सगळं लिही म्हणेल असं मला वाटलं होतं. आता कुणाला भ्यायचं कारण नव्हतं.

"ते काही नको. लिही, यावेळी फुकट नाही. अन् खाली किंमत टाक."

"सुहास, अरे इतकी वर्षं फुकट दिलंस. आता कशाला? लोकांना आठवण म्हणून दे ना." मी असं बोलून गेले आणि जीभ चावली. आठवण म्हणून!

तो चिडला नाही. जरा दम घेऊन म्हणाला, "फुकट वाजवते त्याले लोक छंद म्हणतात. मले एकदा धंदा करून मरू दे नं, वैशाली."

इतक्या वर्षांत त्याने मला नावाने हाक मारलेली मला आठवत नाही. मी निमूटपणे लिहून घेतलं.

ऑर्डरी आल्या. भरपूर आल्या. पण आठवड्याभरात एका जुन्या श्रोत्याचं उत्तरही आलं. तुमच्यासारखा माणूस शेवटी कमर्शियल झालेला बघून वाईट वाटलं, माझं नाव यादीतून काढा, असं. माझं डोकं फिरलं. व्हिसा, नोकरी, गाठ, हात, सगळं सविस्तर लिहून त्या माणसाला चांगलं लाजवावं म्हणून मी उत्तर तयारही केलं आणि पाठवण्याआधी सुहासला फोनवर वाचून दाखवलं.

मला वाटलं, फार लागलं बहुतेक. मग हसण्याचा आवाज आला. आता त्याला हसायलाही त्रास व्हायचा, पण हसत होता.

"काऊन पाठवतं? राहू दे. त्याने लिहिलं नं कमर्शियल झाला म्हणून? म्हणजे झालो बाप्पा!"

त्याने ते उत्तर अनघाकडून छापून घेतलं आणि फ्रिजवर लावलं. सई विचारायची, "बाबा, व्हाय वुड यू कीप दॅट? इट्स मीन." तो म्हणायचा, "बेटा, दॅट्स माय फर्स्ट बॅड रिव्ह्यू."

कॅरीतल्या त्या घरात ऑर्डरी अजून येतात. अनघा जेवणाच्या टेबलावर पाकिटं भरते, सई पत्ते लिहिते, आणि डाव्या बाजूची सुहासची खुर्ची त्यांनी सीडींच्या खोक्यांना दिली आहे. त्याच्या त्या छंदाची अनघाला अजूनही चीड येते का, हे मी तिला विचारलेलं नाही. विचारायची गरज वाटली नाही, कारण बातमी आली त्याच संध्याकाळी मी विमानाने तिच्याकडे गेले, आणि दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी अंत्यसंस्काराच्या ऑफिसात बसलो होतो. समोरचा गृहस्थ मृत्यूच्या दाखल्यासाठी हळू आवाजात एकेक माहिती विचारत होता. जन्म कुठला, आईचं नाव काय. अनघा सांगत होती. एखादा शब्द अडला की मी पुढे सांगत होते.

"त्यांचा व्यवसाय?" त्याने विचारलं.

सॉफ्टवेअर इंजिनिअर. इतकी वर्षं प्रत्येक ठिकाणी आम्ही सगळ्यांनी तेच सांगितलं होतं, त्यामुळे मी सवयीने तोंड उघडलं. अनघाने माझ्या मनगटावर हात ठेवला.

"म्युझिशियन," ती म्हणाली.

गृहस्थ जरा घुटमळला. पूर्ण वेळ हेच करायचे का, असं त्याने विचारलं.

"हो," अनघा म्हणाली. "तेच करायचा."

त्याने ते लिहून घेतलं आणि पुढचा प्रश्न विचारला.